विश्लेषण : जर्सीच्या पाठीवर नंबर आला कुठून? खाणकामगाराच्या मुलाने बदललेल्या फुटबॉलच्या पोशाखाची गोष्ट

भारताने मोठा सामना जिंकला की छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात गर्दी जमते. तिरंगा, ढोल, घोषणा आणि निळ्या जर्सी. कुणाच्या पाठीवर १८, कुणाच्या ७, तर कुणाच्या ४५. नाव वाचायची गरजच पडत नाही, नंबर पाहिला की खेळाडू कळतो. याच गर्दीत एखादा लाल जर्सी आणि पांढऱ्या बाह्यांचाही दिसतो. तो इंग्लंडमधील आर्सेनल क्लबचा चाहता. पाठीवरचा नंबर रुजावा म्हणून धडपडलेला आणि त्या पांढऱ्या बाह्या आणणारा माणूस एकच होता. त्याचे नाव हर्बर्ट चॅपमन. त्यांच्या निधनाला ९० हून अधिक वर्षे झाली.

हर्बर्ट चॅपमन कोण होते?

चॅपमन यांचा जन्म १९ जानेवारी १८७८ रोजी इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातील किव्हटन पार्क या गावी झाला. गाव कोळसा खाणीचे, वडीलही खाणीत कामाला. त्या काळी अशा घरातील मुलाची वाट ठरलेली असे. शाळा संपली की खाण. हर्बर्ट मात्र अभ्यासात हुशार होते. त्यांनी शेफील्डमध्ये खाण अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि त्याच्या जोडीने फुटबॉल सुरू ठेवला. धाकटे भाऊ हॅरी यांनी शेफील्ड वेन्सडे क्लबकडून मोठे नाव कमावले. हर्बर्ट खेळाडू म्हणून साधारणच राहिले. टॉटनहॅमसह अनेक क्लबांकडून ते खेळले, पण कुठेच फार टिकले नाहीत.

त्यांची एक सवय मात्र लक्षात राहण्यासारखी होती. ते पिवळसर रंगाचे बूट घालून मैदानात उतरत. धावपळीत सहकाऱ्याला आपण चटकन दिसावे, हा त्यामागचा विचार. खेळाडूचा पोशाख हा खेळाच्या कामी आला पाहिजे, हे सूत्र त्यांनी तेव्हापासून धरले होते.

आजीवन बंदी का आली?

१९०७ मध्ये चॅपमन नॉर्दॅम्प्टन टाउनचे व्यवस्थापक झाले आणि दोन वर्षांत त्यांनी संघाला सदर्न लीगचे विजेतेपद मिळवून दिले. १९१२ मध्ये ते लीड्स सिटीकडे गेले. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर १९१६ पासून त्यांनी लीड्सजवळच्या बार्नबो येथील दारूगोळा कारखान्यात काम केले.

युद्धानंतर लीड्स सिटीवर खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याचा आरोप झाला. क्लबने हिशेबाची कागदपत्रे दाखवण्यास नकार दिला. परिणामी १९१९ मध्ये क्लबची लीगमधून हकालपट्टी झाली आणि चॅपमन यांच्यावरही बंदी आली. चाळिशी ओलांडलेल्या माणसाची फुटबॉलमधील कारकीर्द तिथेच संपल्यात जमा होती. मात्र आरोप झालेल्या काळात ते कारखान्यात कामाला होते, या मुद्द्यावर दाद मागण्यात आली आणि बंदी उठली. १९२१ मध्ये ते हडर्सफील्ड टाउनकडे आले. १९२२ मध्ये या संघाने एफए चषक जिंकला आणि त्यानंतर १९२४ व १९२५ असे सलग दोनदा लीग विजेतेपद मिळवले.

आर्सेनलमध्ये काय बदलले?

१९२५ मध्ये चॅपमन लंडनच्या आर्सेनलमध्ये आले. तोवर या क्लबने एकही मोठी स्पर्धा जिंकली नव्हती. त्याच वर्षी ऑफसाइडचा नियम बदलला. पूर्वी आक्रमक खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू असावे लागत, ते आता दोनवर आले. गोलांचा पाऊस पडू लागला. न्यूकॅसलकडून ७-० असा पराभव झाल्यावर चॅपमन आणि अनुभवी खेळाडू चार्ली बुकन यांनी मधला एक खेळाडू मागे खेचून बचावात तिसरा माणूस उभा केला. ही मांडणी पुढे जगभर उचलली गेली. १९३० मध्ये एफए चषक आणि १९३१ मध्ये लीग विजेतेपद आर्सेनलकडे आले. लीग जिंकणारा तो लंडनचा पहिला क्लब.

नंबर कधी आले?

२५ ऑगस्ट १९२८ रोजी शेफील्ड वेन्सडेविरुद्धच्या लीग सामन्यात आर्सेनलचे खेळाडू पाठीवर नंबर लावून उतरले. त्याच दिवशी चेल्सीच्या संघानेही नंबर वापरले. इतर काही देशांत असे प्रयोग आधी झाले होते, पण इंग्लिश लीगसाठी ही गोष्ट नवी होती. उद्देश सरळ होता. दूर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला कोण खेळतो आहे हे कळावे आणि खेळाडूंनाही एकमेकांची जागा ओळखता यावी. लीगच्या पदाधिकाऱ्यांना मात्र हे रुचले नाही. इंग्लिश लीगमध्ये नंबर सक्तीचे व्हायला १९३९ साल उजाडले. तोवर चॅपमन हयात नव्हते.

क्रिकेटने तर याहून जास्त वेळ घेतला. एकदिवसीय विश्वचषकात नंबर १९९९ मध्ये दिसले आणि कसोटीच्या पांढऱ्या कपड्यांवर ते २०१९ मध्ये आले.

पांढऱ्या बाह्यांची गोष्ट काय?

आर्सेनलचा लाल रंग चॅपमन यांच्या आधीचा. १८८६ मध्ये वुलिच येथील शस्त्रनिर्मिती कारखान्यातील कामगारांनी क्लब काढला, तेव्हा नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्यांना लाल जर्सी दिल्या. पण लाल जर्सीचे संघ अनेक होते. आपला संघ वेगळा दिसावा, असे चॅपमन यांना वाटे. ४ मार्च १९३३ रोजी लिव्हरपूलविरुद्ध आर्सेनलचा संघ लाल जर्सी आणि पांढऱ्या बाह्या अशा पोशाखात उतरला. खाली मान असतानाही सहकारी ओळखू यावा म्हणून त्यांनी निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे मोजेही आणले.

ही कल्पना सुचली कशी, यावर चाहत्यांमध्ये आजही दोन मते आहेत. एका आठवणीनुसार, पांढऱ्या शर्टवर बिनबाह्यांचा लाल स्वेटर घातलेला एक प्रेक्षक त्यांना मैदानावर दिसला. दुसऱ्या आठवणीनुसार, व्यंगचित्रकार टॉम वेब्स्टर यांचा गोल्फ खेळतानाचा असाच पोशाख पाहून त्यांना हे सुचले. जर्सीच्या इतिहासात असे नेहमी घडते. कागदावर तारीख उरते आणि कारण लोकांच्या आठवणीत राहते.

आणखी कोणत्या कल्पना त्यांनी मांडल्या?

हायबरी मैदानाशेजारच्या भुयारी रेल्वे स्थानकाचे नाव गिलेस्पी रोड होते. चॅपमन यांच्या पाठपुराव्याने १९३२ मध्ये ते आर्सेनल झाले. मैदानात त्यांनी ४५ मिनिटे दाखवणारे मोठे घड्याळ बसवले. फुटबॉल संघटनेने आक्षेप घेतल्यावर त्या जागी साधे घड्याळ आले. बेल्जियममध्ये दिव्यांच्या प्रकाशातील सामना पाहून आल्यावर त्यांनी हायबरीवर दिवे लावले, पण अधिकृत सामन्यांना परवानगी मिळाली नाही. इंग्लंडमध्ये दिव्यांखाली पहिला लीग सामना झाला तो १९५६ मध्ये.

शेवट कसा झाला?

१९३४ च्या जानेवारीत संघ लीगमध्ये आघाडीवर होता. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चॅपमन एक सामना पाहायला बरी येथे गेले, दुसऱ्या दिवशी शेफील्डला. परतले ते सर्दी-ताप घेऊन. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितली असतानाही ते आर्सेनलच्या तिसऱ्या फळीतील मुलांचा सामना पाहायला गिल्डफर्डला गेले. आजार न्यूमोनियावर गेला. पेनिसिलिनचा शोध लागला होता, पण ते औषध म्हणून हाती यायला आणखी काही वर्षे होती. ६ जानेवारीच्या पहाटे त्यांचे निधन झाले. वय होते ५५. त्याच दुपारी हायबरीवर सामना होता आणि समोर शेफील्ड वेन्सडे, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळापूर्वी नंबर पहिल्यांदा ज्यांच्याविरुद्ध वापरले तोच संघ. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. त्या हंगामाचे आणि पुढच्याही हंगामाचे लीग विजेतेपद आर्सेनलनेच जिंकले.

चाहत्यांना याचे महत्त्व काय?

१९६५ मध्ये आर्सेनलने पांढऱ्या बाह्या काढून टाकल्या. दोनच हंगामांत त्या परत आल्या. २००५-०६ मध्ये हायबरीचा निरोप घेताना क्लबने हायबरीवरील पहिल्या हंगामाची आठवण म्हणून गडद लाल जर्सी घातली. खेळाडू येतात आणि जातात, मैदानही बदलते. चाहत्याला क्लबची ओळख पटते ती रंगावरून. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या रंगाची जर्सी घालून येणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

हायबरीचे मैदान आता उरले नाही, तिथे घरे झाली आहेत. नव्या एमिरेट्स स्टेडियमबाहेर २०११ मध्ये चॅपमन यांचा पुतळा उभारला गेला. क्रांती चौकातील गर्दीत त्यांचे नाव माहीत असलेले मोजकेच सापडतील. पण त्यांनी ज्यासाठी धडपड केली तो पाठीवरचा नंबर जवळपास प्रत्येक जर्सीवर असतो.