झाकिर हुसेन : अमानत सांभाळणारा मास्तर

रमजान हा हिशेबाचा महिना. आपल्या कमाईत इतरांचा हक्क किती, याची मोजदाद या दिवसांत घराघरांत होते. डॉ. झाकिर हुसेन यांनी हा हिशेब आयुष्यभर शिक्षणाच्या कामात मांडला. देश त्यांना राष्ट्रपती म्हणून ओळखतो. पण ते मनाने अखेरपर्यंत मास्तरच राहिले.

८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादेत त्यांचा जन्म झाला. दहाव्या वर्षी वडील गेले, पुढे प्लेगने आईलाही नेले. इटाव्याच्या शाळेतून ते अलीगढच्या कॉलेजात आले. १९२० मध्ये असहकाराची हाक आली, तेव्हा सरकारी मदतीवर चालणारे कॉलेज सोडून काही विद्यार्थी आणि शिक्षक बाहेर पडले. त्यांत झाकिर हुसेन होते. त्यातून २९ ऑक्टोबर १९२० रोजी जामिया मिलिया इस्लामिया उभी राहिली. पुढे उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीला गेले आणि बर्लिनला त्यांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

इकडे जामियाचे हाल सुरू झाले होते. खिलाफत चळवळ ओसरली, तसा मदतीचा ओघ आटला. संस्था बंद करावी, असा विचार पुढे आला. हे कळताच झाकिर हुसेन यांनी आपण आणि आपले मित्र जामियासाठी आयुष्य देण्यास तयार आहोत, असे जर्मनीहून कळवले. १९२५ मध्ये जामिया अलीगढहून दिल्लीच्या करोलबागेत आली. १९२६ मध्ये आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब या मित्रांसह ते परतले. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली.

१९२७ च्या अखेरीस हकीम अजमल खान यांचे निधन झाले. जामियासाठी पैसा उभा करणारा मोठा आधार तुटला. सरकारी अनुदान घ्यायचे नाही, फीवर खर्च भागत नाही आणि शिक्षकांचे पगार थकलेले. अशा वेळी १९२८ मध्ये शिक्षकांनीच संस्था चालवायला घेतली. वीस वर्षे जामियाची सेवा करू आणि महिन्याला १५० रुपयांहून अधिक पगार घेणार नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. झाकिर हुसेन स्वतः त्याहून कितीतरी कमी घेत. परदेशी पदवीधराला दुसरीकडे सहज मोठी नोकरी मिळाली असती. पण शिक्षकांना काटकसर सांगायची, तर तिची सुरुवात आपल्या घरापासून व्हायला हवी, हे त्यांना पटले होते. ‘हमदर्दान-ए-जामिया’च्या माध्यमातून गावोगावच्या सामान्य माणसांकडून लहान लहान रकमा येऊ लागल्या. तो पैसा म्हणजे लोकांची अमानत होती.

विद्यार्थ्यांवर त्यांचा भारी जीव. मुले बूट मळके ठेवतात, म्हणून एकदा ते स्वतःच पॉलिश आणि ब्रश घेऊन बसले, अशी आठवण आजही सांगितली जाते. पुढे कोणाला वेगळे सांगावे लागले नाही. १९३५ मध्ये ओखल्याला नव्या इमारतीची पायाभरणी झाली. मोठे पाहुणे असतानाही पहिला दगड ठेवला तो शाळेतल्या सर्वांत लहान मुलाने. विद्यापीठ कोणासाठी असते, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

१९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर नई तालीमचा आराखडा करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष झाले. हाताने काम करत शिकण्याची ही योजना घडवताना महाराष्ट्राशी त्यांचे नाते जुळले.

फाळणीनंतर मोठी कसोटी आली. १९४८ मध्ये ज्या अलीगढमधून ते बाहेर पडले होते, तिथेच कुलगुरू म्हणून त्यांना जावे लागले. अनेक शिक्षक आणि विद्यार्थी पाकिस्तानात गेले होते. राहिलेल्यांच्या मनात भीती होती आणि बाहेरच्यांच्या मनात संशय. जामियात टंचाई पैशांची होती, अलीगढमध्ये विश्वासाची. आपल्याला इथेच राहायचे आहे आणि इथेच शिकायचे आहे, हा धीर त्यांनी विद्यार्थ्यांना दिला. चांगले शिक्षक जमवले, बंद पडतील असे वाटणारे वर्ग पुन्हा भरवले. आवारात झाडे लावली, गुलाब फुलवले. उजाड जागेत मुलांचे मन रमत नाही, हे त्यांना ठाऊक होते. याच काळात ते देशातील विद्यापीठांची पाहणी करणाऱ्या राधाकृष्णन आयोगाचेही सदस्य होते. १९५६ मध्ये त्यांनी अलीगढ सोडले, तेव्हा विद्यापीठ सावरले होते.

पुढे बिहारचे राज्यपालपद, उपराष्ट्रपतिपद, ‘भारतरत्न’ आणि १९६७ मध्ये राष्ट्रपतिपद त्यांच्याकडे आले. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांचा दफनविधी जामियाच्या आवारात झाला. ज्या मुलांसाठी त्यांनी स्वतःची भाकरी अर्धी केली, त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही त्या कबरीजवळून वर्गात जातात.