जेम्स लाँग : अनुवादापायी कारावास भोगलेले धर्मोपदेशक

परक्या देशात राहून तेथील अन्यायाला वाचा फोडणाऱ्यास बदनामीचा फौजदारी कायदा किती महागात पडू शकतो, याचे भारताच्या इतिहासातील ठळक उदाहरण म्हणजे रेव्हरंड जेम्स लाँग. ज्या नाटकामुळे त्यांना तुरुंगवास घडला, ते त्यांनी लिहिलेलेही नव्हते.

आयर्लंडमधील कॉर्क परगण्यात १८१४ साली जन्मलेले लाँग १८४० मध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक म्हणून कलकत्त्यास आले. शहराच्या दक्षिणेकडील ठाकूरपुकुर येथे त्यांनी दीर्घकाळ कार्य केले. बंगाली भाषा आत्मसात करून त्यांनी म्हणी संग्रहित केल्या आणि १८५५ मध्ये चौदाशे बंगाली पुस्तके व पुस्तिकांची वर्गीकृत सूची प्रसिद्ध केली. रयतेचे मनोगत तिच्याच भाषेतील साहित्यातून राज्यकर्त्यांना कळावे, अशी त्यांची धारणा होती.

त्या काळी बंगालमधील युरोपीय मळेवाले शेतकऱ्यांना आगाऊ रक्कम देऊन करारात अडकवीत आणि भाताच्या जमिनीत नीळ पिकविण्यास भाग पाडीत. १८५९ मध्ये रयतेने नीळ पेरण्यास नकार दिला. १८६० मध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला व लाँग यांनीही त्यापुढे साक्ष दिली. त्याच वर्षी दीनबंधू मित्र यांचे ‘नीलदर्पण’ हे नाटक ढाक्यात प्रसिद्ध झाले.

या नाटकाचा इंग्रजी अनुवाद १८६१ मध्ये तयार झाला. तो मायकेल मधुसूदन दत्त यांनी केल्याचे परंपरेने मानले जाते. बंगाल सरकारचे सचिव सेटन-कार यांच्या संमतीने लाँग यांनी तो प्रस्तावनेसह छापून घेतला. लेफ्टनंट गव्हर्नर जॉन पीटर ग्रँट यांना पूर्वकल्पना नसताना काही प्रती सरकारी टपालातून रवाना झाल्या आणि मळेवाल्यांमध्ये संतापाची लाट उसळली.

मळेवाल्यांच्या संघटनेने आणि ‘इंग्लिशमन’ या दैनिकाच्या संपादकाने फौजदारी कारवाईचा मार्ग पत्करला. मूळ नाटककाराच्या प्रस्तावनेत दोन इंग्रजी दैनिकांवर पैशाच्या लोभाने मळेवाल्यांची स्तुती केल्याचा आरोप होता. संपादकांची आणि मळेवाल्यांच्या समस्त वर्गाची बदनामी, असे आक्षेपाचे स्वरूप होते. मुद्रकाने लाँग यांचे नाव सांगितले. लाँग यांनी जबाबदारी नाकारली नाही आणि अनुवादकाचे नावही उघड केले नाही.

कलकत्त्याच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयात १९ जुलै १८६१ रोजी न्यायमूर्ती मॉर्डंट वेल्स यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. ज्यूरीने लाँग यांना दोषी ठरविले. २४ जुलै रोजी त्यांना एक महिना कारावास व एक हजार रुपये दंडाची शिक्षा सुनावण्यात आली. दंडाची रक्कम बंगाली साहित्यिक कालीप्रसन्न सिंह यांनी तत्काळ भरली. कारावास मात्र लाँग यांनाच भोगावा लागला.

लाँग हे गोऱ्या राज्यकर्त्यांच्याच समाजातील होते. तरीही धर्मोपदेशकाचे पद, सचिवांची संमती किंवा शुद्ध हेतू यांपैकी काहीही त्यांच्या कामी आले नाही. रयतेवरील अत्याचारांची चर्चा बाजूला पडली आणि अत्याचाराचा आरोप असलेल्यांची प्रतिष्ठा हाच न्यायालयापुढील विषय ठरला.

शिक्षा भोगून झाल्यावर लाँग इंग्लंडला गेले, पुढे पुन्हा बंगालमध्ये परतले आणि १८७२ मध्ये त्यांनी भारताचा कायमचा निरोप घेतला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कलकत्त्याच्या नॅशनल थिएटरने ‘नीलदर्पण’ने आपल्या प्रयोगांचा प्रारंभ केला. १८८७ मध्ये लंडन येथे लाँग यांचे निधन झाले. कोलकात्यातील जेम्स लाँग सरणी हा मार्ग त्यांची स्मृती जपतो.

लाँग यांच्या शिक्षेनंतर काही महिन्यांतच, १ जानेवारी १८६२ रोजी, भारतीय दंड संहिता अमलात आली आणि तिनेही बदनामी हा गुन्हाच मानला. कोल्हापूर प्रकरणी १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना याच गुन्ह्यासाठी डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही तरतूद वैध ठरविली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये समाविष्ट असून, दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही अथवा समाजसेवा अशी शिक्षा तीत आहे. लोकहितासाठी केलेले सत्यकथन यातून वगळलेले आहे. मात्र मजकूर लिहिणाऱ्याबरोबरच तो प्रसिद्ध करणाराही या कलमाच्या कक्षेत येतो आणि भारतात वास्तव्य करणाऱ्या परदेशी नागरिकालाही त्यातून सूट नाही.