पोकर कधीच खेळला नाही, तरी पोकरच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये पहिल्या सातांत जाऊन बसला

१९७९ साली लास व्हेगासमध्ये पोकरचं ‘हॉल ऑफ फेम’ सुरू झालं. पहिल्या सात मानकऱ्यांत एक नाव होतं एडमंड हॉइल. गंमत म्हणजे हा गडी १७६९ मध्येच वारला होता आणि पोकर जन्माला आला त्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तेही अमेरिकेत.

मग याचा पोकरशी संबंध काय?

हॉइल लंडनचा. बड्या लोकांना पैसे घेऊन व्हिस्ट शिकवायचा. व्हिस्ट म्हणजे आपल्या मेंढीकोटच्या जवळचा खेळ. चौघं जण, दोन जोड्या, हुकूम लावून हात करायचे. शिकवणीसाठी त्याने टिपणं काढली होती. १७४२ मध्ये त्यांचं छोटंसं पुस्तक निघालं, किंमत एक गिनी. तेव्हा तो सत्तरीला टेकला होता.

पुस्तक चाललं तशा स्वस्तातल्या चोरट्या आवृत्त्याही आल्या. म्हणून हॉइल खऱ्या प्रतींवर स्वतः सही करू लागला. खप एवढा वाढला की पुढे सहीचा ठसाच करावा लागला.

खेळावं कसं हे त्यात होतंच. पण घोळ झाला तर काय, हेही होतं. पाळी सोडून कुणी पान टाकलं तर? रंग हातात असून दुसरंच पान टाकलं तर? आता आवाज कुणाचा मोठा यापेक्षा पुस्तकात काय लिहिलंय हे बघायची सोय झाली. इंग्रजीत ‘अकॉर्डिंग टू हॉइल’ म्हणजे नियमाला धरून, ते यावरूनच.

१८६४ मध्ये लंडनच्या क्लबांनी व्हिस्टचे नवे नियम घेतले आणि हॉइलचा अंमल संपला. त्याच साली अमेरिकेत ‘द अमेरिकन हॉइल’ निघालं. लिहिणारा दुसराच, नाव मात्र याचं, आणि आत पोकर!

पोकरला बसणाऱ्या नवख्याला आजही आधी हेच शिकवतात: पाळी आल्याशिवाय पैसे लावायचे नाहीत, पानंही सोडायची नाहीत. डाव चालू असताना आपल्या पानांबद्दल बोलायचं नाही, सोडलेली पानं कुणाला दाखवायची नाहीत. कारण साधं आहे. तुम्ही पाळीआधीच पानं सोडली, तर तुमच्या आधी ज्याची पाळी आहे त्याला एक भिडू कमी झाल्याचं फुकटात कळतं, आणि त्याची किंमत टेबलावरचा तिसराच कुणीतरी मोजतो.