सूक्ष्म सृष्टीचा संशोधक : ख्रिस्तियान एरेनबर्ग

समुद्राचें ओंजळभर पाणी वरवर पाहतां निर्मळ दिसतें. परंतु त्यांत पुष्कळदां सहस्रावधि सूक्ष्म शैवालें नांदत असतात. त्यांपैकीं काचेसारख्या सिलिकेच्या डबींत राहणाऱ्या डायाटम नांवाच्या जातीच पृथ्वीवरील एकंदर प्रकाशसंश्लेषणाचा सुमारें पांचवा हिस्सा उचलतात. या अदृश्य सृष्टीचा पहिला मोठा संग्रह ज्या पुरुषानें केला, त्याचें चरित्र प्रत्येक विद्यार्थ्यानें वाचण्याजोगें आहे.

ख्रिस्तियान गोटफ्रीड एरेनबर्ग यांचा जन्म जर्मनींतील लाइप्झिक शहराजवळील डेलिच या गांवीं १९ एप्रिल १७९५ रोजीं झाला. प्रथम त्यांनीं धर्मशास्त्राचा अभ्यास आरंभिला. परंतु लवकरच तो सोडून ते वैद्यकाकडे वळले. १८१८ सालीं त्यांनीं बर्लिन येथें वैद्यकाची पदवी मिळविली. पदवीसाठीं लिहिलेल्या प्रबंधाचा विषय मात्र रोग नव्हता, तर बर्लिनच्या परिसरांतील बुरशी हा होता. ज्या वस्तु इतरांस क्षुद्र वाटत, त्यांकडेच त्यांची दृष्टि ओढ घेत असे.

१८२० सालीं आपले मित्र विल्हेल्म हेम्प्रिख यांच्यासमवेत ते मिसर देशाच्या प्रवासास निघाले. वाळवंट, नाईलचें खोरें, सीरिया, अरबस्थान व तांबडा समुद्र असा हा प्रवास पांच वर्षें चालला. ज्वरानें व इतर संकटांनीं सोबती एकामागून एक कालवश झाले. १८२५ सालीं मासावा बंदरीं हेम्प्रिखहि ज्वराला बळी पडले. मित्राला परक्या भूमींत ठेवून एरेनबर्ग स्वदेशीं परतले. पण दोघांनीं मिळून जमविलेले प्राण्यांचे व वनस्पतींचे सहस्रावधि नमुने त्यांनीं जपले.

याच प्रवासांत १८२३ सालीं सिनाय द्वीपकल्पांतील तोर येथें समुद्राचें पाणी रक्तासारखें लाल झालेलें त्यांना दिसलें. त्यांनीं तें पाणी सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून पाहिलें, तों त्यांत बारीक तंतूंच्या जुड्या दिसल्या. त्या जीवाला त्यांनीं ट्रायकोडेस्मियम असें नांव दिलें. हा जीव कोंकण व गोमंतक यांच्या किनाऱ्यालगत अरबी समुद्रांतहि उन्हाळ्याच्या सुमारास पसरतो. आज त्याची गणना जिवाणूंत होते. आणि जिवाणूंसाठीं जगभर रूढ झालेला बॅक्टेरिया हा शब्दहि एरेनबर्ग यांनींच शास्त्रांत आणलेल्या नांवावरून आला आहे.

१८२९ सालीं हुम्बोल्ट यांच्याबरोबर त्यांनीं उरल व अल्ताई पर्वतांपर्यंत प्रवास केला. त्यानंतर त्यांचें बहुतेक आयुष्य सूक्ष्मदर्शकाशींच गेलें. बोहेमियांतील बिलिन येथील ज्या मऊ खडकाचा उपयोग धातु घासून चकचकीत करण्याकडे होई, तो खडक डायाटमांच्या असंख्य कवचांनीं बनलेला आहे, हें त्यांनीं १८३६ सालीं दाखवून दिलें. डार्विन यांनीं अटलांटिक महासागरांत जहाजावर पडलेली धूळ त्यांच्याकडे पाठविली. तींतहि त्यांना सूक्ष्म जीवांचे सदुसष्ट प्रकार आढळले.

तथापि थोर पुरुषहि चुकतात. सूक्ष्म जीवांच्या ठायीं मोठ्या प्राण्यांप्रमाणें जठरादि सर्व इंद्रियें असतात, असा सिद्धांत त्यांनीं १८३८ सालच्या आपल्या महाग्रंथांत मांडला. नीळ व किरमिजी रंग खाऊं घातल्यावर त्या जीवांच्या देहांत जे ठिपके दिसत, त्यांस ते जठरें समजत. डायाटमांनाहि त्यांनीं प्राणीच मानलें. फ्रान्समधील द्युजार्दें यांनीं १८३५ पासूनच या मतास विरोध केला होता, व कालांतरानें तो विरोधच खरा ठरला. एरेनबर्ग मात्र आपल्या मताला अखेरपर्यंत चिकटून राहिले.

मग त्यांची कीर्ति कशानें टिकली? त्यांनीं जें पाहिलें, त्याचा पुरावा त्यांनीं राखून ठेवला. वृद्धापकाळीं त्यांची कन्या क्लारा हिनें त्यांना चित्रें व याद्या करण्यांत मोलाचें साहाय्य केलें. २७ जून १८७६ रोजीं बर्लिन येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांचे सुमारें ४०,००० सूक्ष्मदर्शकी नमुने व सुमारें ३,००० चित्रें बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयास लाभलीं. मत चुकलें तरी नमुना खोटा होत नाहीं. म्हणूनच पुढील पिढ्यांना तो संग्रह पुनः तपासतां आला.

आजचे शास्त्रज्ञ याच मार्गानें पुढें गेले आहेत. थॅलासिओसिरा या डायाटमाचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या जनुकांची सारी अक्षरमाला, २००४ सालीं प्रसिद्ध झाली. फिओडॅक्टिलमची २००८ सालीं झाली. अक्षरें न बदलतां जनुकांवर रासायनिक खुणा बसतात, व कोणतें जनुक जागृत राहावें आणि कोणतें निद्रिस्त, हें ठरण्यांत त्यांचा मोठा वांटा असतो. या खुणांच्या समुदायास एपिजीनोम म्हणतात. फिओडॅक्टिलमच्या अशा एका प्रकारच्या खुणांचा नकाशा २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. तोरच्या लाल पाण्यांतील ट्रायकोडेस्मियमचा जीनोमहि आतां वाचला गेला आहे. ही माहिती सार्वजनिक भांडारांत ठेवलेली असून कोणत्याहि देशांतील अभ्यासकास ती विनामूल्य पाहतां येते.

विद्यार्थ्यांनीं यावरून एवढाच बोध घ्यावा : आपलें मत आज ना उद्यां कोणी तरी सुधारील; परंतु तें सुधारतां यावें यासाठीं जें पाहिलें त्याची प्रामाणिक नोंद मागें ठेवणें, हेंच खऱ्या संशोधकाचें कर्तव्य होय.