केगमधल्या बिअरला नुसता फेस येतोय? उत्तर २०० वर्षांपूर्वीच्या विल्यम हेन्रीकडे आहे

घरी बिअर बनवणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. केगचा नळ सोडला की ग्लासात बिअर कमी आणि फेसच जास्त. थंड बिअरवर कार्बन डायऑक्साइडचा दाब गरजेपेक्षा जास्त ठेवला की असं होतं. यावरचा उपाय ज्या नियमात आहे, तो आपल्याकडे बारावीच्या रसायनशास्त्रात शिकवतात. हेन्रीचा नियम. पण हे हेन्री होते कोण?

विल्यम हेन्री यांचा जन्म १२ डिसेंबर १७७४ चा, मँचेस्टरमधला. वडील थॉमस औषधं तयार करून विकायचे. लहानपणी विल्यम यांच्या अंगावर तुळई कोसळली. जीव वाचला, पण वाढ खुंटली आणि दुखणं जन्मभर मागे लागलं. मैदानी खेळ सुटले, हातात पुस्तकं आली.

१७९५ मध्ये ते वैद्यकीय शिक्षणासाठी एडिंबराला गेले, पण वर्षभरातच वडिलांच्या धंद्यासाठी परतावं लागलं. पदवी मिळायला १८०७ साल उजाडलं. तोवर त्यांचं सर्वात मोठं काम झालंही होतं.

१८०३ मध्ये त्यांनी पाण्यात वायू किती विरघळतो, हे मोजून दाखवलं. तापमान तेच ठेवून वायूचा दाब दुप्पट केला, तर विरघळणारा वायूही दुप्पट होतो. दाब उतरला की तो पुन्हा बाहेर पडतो. १८०८ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचं कोपली पदक मिळालं.

केगवरचा उपाय हाच. गॅसची नळी काढा, केगच्या झाकणावरचा व्हॉल्व्ह ओढून वर साठलेला वायू सोडा. बिअरमधला जास्तीचा वायू हळूहळू वर येईल. थोड्या थोड्या वेळाने तो पुन्हा सोडत राहा. फेस ताळ्यावर आला की नळी जोडा आणि दाब बेताचा ठेवा. साधारण ४ अंश सेल्सिअसला १० ते १२ पीएसआय पुरतो. घाई करून केग जोरात हलवला, तर फेस व्हॉल्व्हमधूनच उसळतो.

हेन्री यांच्या वेदना मात्र उतरल्या नाहीत. पुढे हातही साथ देईनात आणि प्रयोग सुटले. दुखण्याने खचलेल्या हेन्री यांनी सप्टेंबर १८३६ मध्ये स्वतःचं आयुष्य संपवलं. सोड्याची बाटली उघडताना येणारा फस्स आवाज आजही त्यांच्याच नियमाने येतो.