नेमबाज करणीसिंह

राजस्थानातील बिकानेर संस्थानाच्या राजघराण्यात २१ एप्रिल १९२४ रोजी करणीसिंह यांचा जन्म झाला. त्यांचे काही शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. पुढे इतिहासावर प्रबंध लिहून त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. १९५० साली वडिलांचे निधन झाले. संस्थान तोपर्यंत भारतात विलीन झाले होते. पण महाराजा ही पदवी करणीसिंहांकडे आली. १९५२ ते १९७७ अशी पंचवीस वर्षे ते लोकसभेचे सदस्य होते.

त्यांचे नाव जगभर झाले ते मात्र नेमबाजीमुळे. ‘ट्रॅप’ हा त्यांचा खेळ. या खेळात खेळाडूने आवाज देताच समोरच्या खंदकातील यंत्रातून एक तबकडी उडते. ती मातीच्या खापरासारखी ठिसूळ आणि फक्त ११ सेंटिमीटर रुंद असते. कोणत्या दिशेने उडेल, हे आधी कळत नाही. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ती फोडायची असते. एका फेरीत अशा २५ तबकड्या येतात.

मुलांनो, आपल्या वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे दारूगोळ्याचे मोठे कोठार आहे. अशा ठिकाणी शिस्त किती कडक लागते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. नेमबाजीच्या मैदानावरही, मग तो सराव असो की स्पर्धा, तशीच शिस्त लागते. काडतूस स्वतःच्या जागेवर उभे राहिल्यावरच भरायचे. बंदुकीची नळी कधीही माणसांकडे वळवायची नाही. आपली पाळी नसेल, तेव्हा बंदूक उघडी आणि रिकामी ठेवायची. म्हणजे ती निर्धोक आहे, हे सर्वांना लांबूनच दिसते. थांबण्याचा इशारा होताच सर्वांनी थांबायचे. दुसरा नेम धरत असताना बोलायचे नाही, कारण त्याचे लक्ष क्षणभर जरी विचलित झाले, तरी तबकडी निसटते.

तबकडीचा निदान एक तुकडा उडालेला दिसला, तरच गुण मिळतो. नुसती धूळ उडाली तर मिळत नाही. निर्णय पंच देतात. तो पटला नाही, तर खेळाडूने लगेच हात वर करून सांगायचे. पण पडलेली तबकडी उचलून आणून तिच्यावर छऱ्याची खूण दाखवता येत नाही. पंचांचा शेवटचा शब्द मानावाच लागतो. सहा खेळाडूंची तुकडी पाच जागांवर पाळीपाळीने फिरते. महाराजा असला, तरी त्याला पाळी सोडून पुढे जाता येत नाही.

करणीसिंह हा खेळ याच नियमांनी वर्षानुवर्षे खेळले. १९६१ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. १९६२ साली कैरो येथे जागतिक स्पर्धा झाली. तेथे पहिल्या स्थानासाठी त्यांची आणि सोव्हिएत संघाच्या झिमेंको यांची बरोबरी झाली. पुन्हा नेमबाजी झाली आणि झिमेंको जिंकले. जागतिक विजेतेपद असे अगदी हाताशी येऊन गेले. करणीसिंहांना रौप्यपदक मिळाले.

१९७१ साली सरकारने संस्थानिकांच्या पदव्या व तनखे रद्द केले. पुढच्याच वर्षी करणीसिंह म्यूनिकच्या ऑलिंपिकमध्ये उतरले. आता ते कायद्याने महाराजा नव्हते. पण मैदानावर काय बदलले? काहीच नाही. तीच रांग, तीच पाळी, तेच पंच! तेथे पदवी पूर्वीही कामाची नव्हती.

१९६० ते १९८० या काळात ते पाच ऑलिंपिक स्पर्धांत खेळले. शेवटच्या वेळी, मॉस्कोला, त्यांचे वय ५६ वर्षांचे होते. ६ सप्टेंबर १९८८ रोजी त्यांचे निधन झाले. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी दिल्लीत तुघलकाबाद येथे नेमबाजीचे मैदान बांधले गेले. त्याला आज त्यांचेच नाव आहे. तेथे येणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणाचाही मुलगा किंवा मुलगी असो, आपल्या पाळीची वाट पाहावीच लागते.

शब्दार्थ
तबकडी – लहान चपटी थाळी. निर्धोक – धोका नसलेले. पाळी – क्रम. तनखा – सरकारकडून मिळणारी ठरावीक रक्कम.

स्वाध्याय
१. बंदूक उघडी ठेवण्याचा नियम का आहे?
२. तबकडी फुटली की नाही, हे कसे ठरवतात?
३. १९७१ नंतर करणीसिंहांसाठी मैदानावर काहीच का बदलले नाही? चार वाक्यांत लिहा.