उंबरठ्याबाहेरची स्मिता पाटील

सिनेमातल्या नटीचं चरित्र विहाराच्या स्मरणिकेत कशाला, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर त्यांच्या कामातच आहे, म्हणून आम्ही ते इथे थोडक्यात मांडतो.

स्मिता पाटील यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. घराणं खानदेशातलं, शिरपूरचं. वडील शिवाजीराव गिरधर पाटील स्वातंत्र्यसैनिक, पुढे राज्यात मंत्री. आई विद्याताई समाजसेविका. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी ही सावळी मुलगी श्याम बेनेगल यांनी हेरली. नायिका म्हणजे गोरीपान, हा तेव्हाचा रिवाज. स्मिताताईंनी तो मोडला आणि वस्तीतल्या सावळ्या पोरींना हुरूप आला.

‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या चित्रपटांसाठी त्यांना दोनदा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८५ साली पद्मश्री मिळाली. पण आपल्या लेखी मोलाचा तो ‘सद्गती’. प्रेमचंदांच्या कथेवर सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये तो दूरदर्शनसाठी केला. दुखी नावाचा चर्मकार लेकीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढायला पंडिताकडे जातो. पंडित त्याला राबवून घेतो. उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता तो मरतो, आणि विटाळ नको म्हणून पंडित त्याचं प्रेत दोरीने ओढत नेतो. दुखीची बायको झुरिया स्मिताताईंनी केली. बाबासाहेबांनी आपल्याला मुहूर्ताच्या फेऱ्यातून का बाहेर काढलं, हे पोराबाळांना समजवायचं तर हा चित्रपट जरूर दाखवावा.

‘जैत रे जैत’ आणि ‘उंबरठा’ हे दोन्ही डॉ. जब्बार पटेल यांचे. ते मूळ पंढरपूरचे, शाळा आपल्या सोलापुरातली, हरिभाई देवकरण. पुढे ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपटही त्यांनीच केला. ‘उंबरठा’ची काही गाणी लिहिणारे सुरेश भट म्हणजे भीमवंदना लिहिणारे कवी. त्यातली सुलभा महिलाश्रमातला गैरकारभार बघून गप्प बसत नाही. घरी परतते, तर घर तिचं राहिलेलं नसतं. ती पुन्हा बाहेर पडते.

स्मिताताईंचं हे नुसतं पडद्यावरचं नव्हतं. मुंबईच्या विमेन्स सेंटर या स्त्रियांच्या संस्थेच्या त्या सभासद होत्या. ‘शक्ती’, ‘नमक हलाल’सारखे धंदेवाईक चित्रपटही त्यांनी केले, त्यावर टीकाही झाली, पण गरीब बाईची भूमिका त्यांनी सोडली नाही.

मुलगा प्रतीक जन्मल्यावर दोन आठवड्यांतच, १३ डिसेंबर १९८६ रोजी, बाळंतपणानंतरच्या आजाराने त्या गेल्या. वय अवघं ३१. ‘मिर्च मसाला’ त्यांच्या मागे, १९८७ मध्ये पडद्यावर आला. त्यात मिरचीच्या कारखान्यातल्या बाया सुभेदाराच्या जुलमापुढे वाकत नाहीत. सोलापुरात विड्या वळून संसार ओढणाऱ्या आपल्या आयाबहिणींना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

म्हणून आमचं एवढंच सांगणं. लेक शिकायला, नोकरीला, सभेला निघाली तर उंबरठ्यात आडवं येऊ नका. आणि बाळंतिणीच्या तापाला किरकोळ समजू नका, लगेच दवाखाना गाठा. स्मिताताईंना आमचं विनम्र अभिवादन. जय भीम!